पागेंत नवें शिंगरूं

खोपट येथील एखाद्या गृहस्थास कोणी घोड्यांच्या पागेविषयीं कांहीं सांगूं लागलें, तर 'आमचा त्याशीं संबंध काय?' असें त्यानें विचारणें अगदीं साहजिक आहे. खोपट म्हटलें कीं आज एस्. टी. चें आगार, गाड्यांची वर्दळ आणि उंच इमारती हींच डोळ्यांपुढें येतात. तथापि शब्दांची साक्ष काढली तर घोडा आपल्यापासून फारसा दूर गेलेला नाहीं. घोडा बांधण्याची जी ठराविक जागा, तिला मराठींत 'ठाण' म्हणतात. एका जागीं बांधून पोसलेल्या घोड्यास 'ठाणबंद' म्हणतात. आणि ज्या 'स्थान' शब्दापासून हें ठाण आलें त्याच शब्दापासून आपल्या शहराचें नांवही आलें आहे.

शिवाय माथेरान कांहीं लांब नाहीं. १८५० सालच्या मे महिन्यांत ज्या ह्यू मॅलेट साहेबानें तो डोंगर चढून त्या स्थळाकडे लोकांचें लक्ष वेधलें, तो त्या वेळीं ठाणें जिल्ह्याचाच कलेक्टर होता. पुढें १९०७ सालीं नेरळहून वर जाणारी छोटी आगगाडी सुरू झाली. परंतु मोटारींस गांवांत मज्जाव असल्यामुळें त्या दस्तुरी नाक्यापाशीं थांबतात, आणि तेथून पुढें घोडा हें वाहन आजही चालू आहे. ठाण्याच्या स्थानकावर कर्जतची लोकल पकडून सुटीच्या दिवशीं माथेरानला जाणारीं कुटुंबें पुष्कळ आहेत, व वर पोंचल्यावर मुलांचा पहिला हट्ट घोड्यावर बसण्याचा असतो. ज्या घोड्यावर आपलें मूल बसतें, तो घोडा आपल्या पुढच्या व मागच्या घोड्यांशीं कसा नांदतो यावर त्या मुलाचे हातपाय शाबूत राहणें बरेंचसें अवलंबून असतें. म्हणून जुन्या घोड्यांच्या संगतींत नवें, कोंवळ्या वयाचें घोडें कसें आणावें, हा विषय केवळ अश्वपालांचा आहे असें मला वाटत नाहीं.

आतां एक उदाहरण डोळ्यांपुढें धरूं. समजा, डोंगरावरील एखाद्या अश्वपालाजवळ तीन जनावरें आहेत: एक थोरली घोडी, एक खच्ची केलेला घोडा आणि एक मधल्या वयाची घोडी. थोरली घोडी आतां थकत चालली आहे, तेव्हां तिच्या जागीं पुढेंमागें उभें राहील असें एक शिंगरूं आणण्याचें तो ठरवितो. मार्गशीर्षांत दत्तजयंतीच्या सुमारास तापीच्या कांठीं सारंगखेड्यास जी यात्रा भरते, ती घोड्यांच्या बाजारासाठींच प्रसिद्ध आहे. तशीच नांदेड जिल्ह्यांतील माळेगांवची खंडोबाची यात्रा. मारवाडी आणि काठेवाडी जातींचा बोलबाला अशा बाजारांत अधिक. परंतु डोंगरावरच्या कामास आपल्या भीमथडीचें ठेंगणें, काटक घोडें काय वाईट, असें माझें स्वतःचें मत आहे. कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेनें अलीकडे भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. हिंदुस्थानांतील घोड्यांची ती आठवी नोंदलेली जात होय. भीमेच्या खोऱ्यांतील ज्या तट्टांवर मराठ्यांच्या फौजा फिरल्या, त्यांच्या वंशास हा मान जरा उशिराच मिळाला!

बाजारांत शिंगराचें वय दांतांवरून ठरवितात. पुढचे मधले दुधाचे दांत सुमारें अडीच वर्षांच्या वयास पडतात, त्यांच्या शेजारचे साडेतीनास आणि अगदीं कडेचे साडेचारास. आपल्या अश्वपालानें घेतलेल्या शिंगराचे सर्व दांत अजून दुधाचे आहेत. म्हणजे तें दोन वर्षांच्या आंतबाहेर असावें. त्याची किंमत भागविण्यासाठीं बहुधा कर्ज काढलेलें असतें. तें शिंगरूं टेंपोंत उभें राहून, रात्रभर धक्के खात, ओळखीचें एकही जनावर सोबत नसतां डोंगराच्या पायथ्याशीं येतें. अशा वेळीं 'एकदांचे एकमेकांशीं भांडूं द्या, मग आपोआप जुळेल' असें म्हणून त्याला थेट इतर तिघांत सोडणारे लोक आहेत. या पद्धतीनें पुष्कळदां निभावून जातें, ही गोष्ट खरी. परंतु जेव्हां निभावत नाहीं तेव्हां काय होतें तें पाहावें. घोड्याच्या पायाचें मोठें हाड मोडलें तर तें सांधून जनावर पुन्हां कामास येणें जवळजवळ अशक्य असतें. माणसाला महिनाभर खाटेवर निजवितां येतें, घोड्याला येत नाहीं. त्याचें ओझें उरलेल्या तीन पायांवर पडतें व तेही बिघडतात. एका लाथेंत शिंगरूं जातें आणि कर्ज मात्र राहतें.

हें टाळावयाचें तर घोड्याचा स्वभाव मुळापासून समजून घेतला पाहिजे. घोडा हा पळून जाऊन जीव वांचविणारा प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही अंगांस असल्यामुळें त्याला सभोंवतालचें सुमारें साडेतीनशें अंशांचें क्षेत्र दिसतें. केवळ कपाळाच्या अगदीं समोरची आणि शेपटीच्या थेट मागची अरुंद पट्टी तेवढी त्याच्या दृष्टीबाहेर राहते. मोकळ्या रानांत घोडे एक नर, कांहीं घोड्या व त्यांचीं शिंगरें अशा लहान टोळ्यांनीं राहतात. टोळींतील प्रत्येक जनावर दुसऱ्यास ओळखतें, आणि कोणी कोणास वाट द्यावयाची हें ठरलेलें असतें. शिंगरें साधारण दोन-तीन वर्षांचीं झालीं कीं आईबापांची टोळी सोडतात. नर शिंगरें आपल्यासारख्या तरुणांच्या टोळ्या करून राहतात, आणि घोड्या दुसऱ्या टोळीस जाऊन मिळतात. म्हणजे दोन वर्षांच्या शिंगरानें परक्या कळपांत जाणें ही गोष्ट निसर्गाच्या विरुद्ध नाहीं. मात्र रानांत तें दुरून येतें, चार दिवस कडेकडेनें चरतें, हुसकावलें तर मागें हटतें आणि पुन्हां थोडें जवळ येतें. आपण त्याला भिंतींच्या आंत एका क्षणांत सर्वांच्या मध्यें आणून उभें करतों, आणि मग त्याला मागें हटावयास जागाच उरत नाहीं.

कळपांतील मानपानाविषयीं एक समजूत फार रुळलेली आहे, ती अशी कीं प्रत्येक कळपास एक 'पुढारी घोडी' असते व तिच्या हुकमाखालीं सारे चालतात. अलीकडील निरीक्षकांस ही गोष्ट इतकी सरळ दिसलेली नाहीं. पाण्याकडे प्रथम पाऊल टाकणारें जनावर निरनिराळ्या वेळीं निरनिराळें असूं शकतें. चाऱ्याच्या गंजीवर जी घोडी सर्वांना हुसकावते तिच्यामागून जाण्यास बाकीचीं उत्सुक असतातच असें नाहीं. मान मिळतो तो बहुधा वयानें व त्या कळपांतील वास्तव्यानें. आपल्या एकत्र कुटुंबांतही स्वयंपाकघरांत सत्ता एकीची आणि सल्ला मात्र दुसरीचा, असें आपण पाहतोंच. यांतून अश्वपालानें घ्यावयाची गोष्ट एवढीच, कीं 'थोरलीनें पसंत केलें म्हणजे सर्वांनीं पसंत केलें' असें धरून चालूं नये. नव्या शिंगराला प्रत्येकाशीं वेगळी ओळख करून घ्यावी लागते.

ओळखीच्या आधीं मात्र वेगळें ठेवणें आलें. नवें जनावर कमींत कमी तीन आठवडे इतरांपासून दूर बांधावें. त्याची बादली, तोबरा, खरारा सारें निराळें असावें, आणि मोतद्दारानें जुन्या जनावरांचें काम आधीं आटोपून मग नव्याकडे जावें. बाजारांतून आलेल्या तरुण घोड्यांस स्ट्रँगल्स नांवाचा गळ्याच्या गांठी सुजून पिकण्याचा रोग पुष्कळदां होतो, आणि संसर्ग झाल्यापासून लक्षणें दिसावयास दोन आठवडेही लागूं शकतात. त्याहून भयंकर ग्लँडर्स. हा रोग घोड्यापासून माणसासही होतो, त्यावर घोड्याला उपचार करीत नाहींत, आणि २००९ सालच्या प्राणिरोग-प्रतिबंधक कायद्याप्रमाणें त्याची खबर सरकारास देणें बंधनकारक आहे. रक्ताची तपासणी पशुवैद्यामार्फत करून घेतां येते. जुन्या मराठींत घोड्याच्या वैद्यास साळोत्री म्हणत. अश्वविद्येचा आद्य आचार्य जो शालिहोत्र, त्याचें नांव असें घासून घासून घरगुती झालें. साळोत्री हा शब्द आतां मागें पडला, तरी त्याचें काम मागें पडलेलें नाहीं. त्याच भेटींत धनुर्वाताची लस टोंचून घ्यावी, कारण घोड्याचें जनावर धनुर्वातास फार लवकर बळी पडतें, आणि पुढें एखादा चावा किंवा खरचटा होणार हें गृहीत धरलेलेंच बरें.

हे तीन आठवडे वायां जातात असें समजूं नये. एकटें पडलेलें शिंगरूं खिंकाळतें, येरझाऱ्या घालतें, चारा टाकतें. म्हणून त्याला इतरांचा वास व आवाज पोंचेल, दुरून तीं दिसतील, पण नाकास नाक लागणार नाहीं, अशा बेतानें ठेवावें. तेवढ्या दिवसांत तें माणसाच्या हातास सरावतें. नव्या पाण्याची व चाऱ्याची त्याच्या पोटास संवय होते. घोड्याचें पोट शरीराच्या मानानें लहान, आणि त्यांत आम्ल सतत पाझरत असतें. मोकळा घोडा दिवसरात्रींतले पंधरा-सोळा तास चरण्यांतच घालवितो. उपाशी ठेवून चंदीचा मोठा खुराक एकदम घातला तर पोटदुखी ठरलेलीच. चंदी थोडी आणि वाळलें गवत भरपूर, हें कोंवळ्या जनावराच्या बाबतींत विशेष सांभाळावें.

रोगाची भीति टळली म्हणजे मग खरी ओळख सुरू होते, आणि ती कुंपणावरून व्हावी. येथें एका प्रयोगाची माहिती देण्यासारखी आहे. स्वीडन आणि डेन्मार्क येथील संशोधकांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत अनोळखी तरुण घोड्यांच्या जोड्या घेतल्या होत्या. कांहीं जोड्या थेट मैदानांत सोडल्या. कांहींना आधीं शेजारशेजारच्या कप्प्यांत, मधल्या गजांतून एकमेकांना हुंगतां येईल असें, थोडा वेळ ठेवलें. दुसऱ्या प्रकारांत पुढें अंगास भिडून होणारे हल्ले, विशेषतः चावे, कमी आढळले. आपल्याकडे असे कप्पे क्वचित्च असतात. पण दोन ठाणांच्या मध्यें छातीइतक्या उंचीचे, गुळगुळीत, मजबूत आडवे वासे घातले तरी काम भागतें. कांटेरी तार मात्र कदापि नको. हुंगतां हुंगतां दोघेही एकदम किंचाळतात आणि पुढचा पाय जोरानें झाडतात. तो पाय तारेंत अडकला कीं कातडीसकट सोलून निघतो. किंचाळणें ऐकून घाबरण्याचें मात्र कारण नाहीं. ती त्यांची पहिल्या भेटीची रीतच आहे.

सर्वांशीं एकदम गांठ घालण्याऐवजीं प्रथम एकाच जनावराशीं घालावी. तें कोणतें असावें? पुष्कळ लोक सर्वांत गरीब जनावर निवडतात. माझ्या मतें गरीबपणापेक्षां स्थिरपणा अधिक उपयोगी पडतो. जें जनावर स्वतः कळपांत खालच्या पायरीवर आहे, तें नव्याला पाहून आपली पायरी सांभाळण्यासाठीं उगाच जास्त लाथा झाडतें. उलट ज्याला आपल्या जागेची खात्री आहे, तें एकदां कान पाडून समज देतें आणि पुन्हां चरूं लागतें. आपल्या उदाहरणांत थकलेली थोरली घोडीच या कामास योग्य ठरण्याचा संभव आहे. तिच्याशीं शिंगराचें जमलें, दोघें आठवडाभर एकत्र राहिलीं, म्हणजे मग खच्ची घोडा, आणि शेवटीं मधली घोडी. असें केल्यानें प्रत्येक नव्या भेटीच्या वेळीं शिंगरूं एकटें नसतें.

येथें एक उपप्रश्न निघतो तो नर शिंगराचा. दीड वर्षांचा नर घोडीस गाभण करूं शकतो. घोडी साधारण दर एकवीस दिवसांनीं माजावर येते, आणि त्या पांचसहा दिवसांत शांत पागेंतही तंटे होतात. ज्याला पैदास करावयाची नाहीं त्यानें शिंगरास पशुवैद्याकडून वेळींच खच्ची करून घ्यावें, आणि त्यानंतर कांहीं आठवडे लोटल्यावरच घोड्यांच्या संगतींत सोडावें. हौशी लोकांना ही गोष्ट आवडत नाहीं, कारण ऐटदार 'नर' बाळगण्यांत त्यांना भूषण वाटतें. मुलांना पाठीवर घेऊन रांगेंतून चालणाऱ्या घोड्याला असल्या ऐटीचा उपयोग नसतो.

प्रत्यक्ष मोकळें सोडण्याचा दिवस उजाडला म्हणजे घाई करूं नये. ज्या जागेंत सोडावयाचें ती शिंगराला आधीं एकट्यानें हिंडून पाहूं द्यावी. कुंपण कोठें आहे, उतार कोठें आहे, पाणी कोठें आहे हें ज्याला ठाऊक नाहीं तें जनावर पळतांना थेट कुंपणावर जाऊन आदळतें. वेळ सकाळची घ्यावी, म्हणजे पुढें सारा दिवस नजर ठेवतां येते. जुन्या जनावरांच्या मागच्या पायांचे नाल नालबंदाकडून काढून घ्यावेत. अनवाणी खुराची लाथ काळीनिळी खूण ठेवते, तर नालाची लाथ हाड फोडते. तोंडांतील दोर, लोंबती मोरखी, पायांतील आगाडी-पिछाडी कांहींही ठेवूं नये. चंदी दाखवूं सुद्धां नये. गवताच्या पेंढ्या मात्र घोड्यांच्या संख्येपेक्षां एक-दोन अधिक आणि एकमेकींपासून चांगल्या दूर टाकाव्या. हुसकावलेल्या शिंगराला दुसरी पेंढी सांपडली कीं भांडणाचें कारणच नाहींसें होतें. चिंचोळा कोपरा असेल तेथें आडवा वासा लावून तो बंद करावा. कोपऱ्यांत कोंडलेलें घोडें हेंच खऱ्या अपघाताचें मूळ आहे.

यानंतर जें दिसतें त्यांतलें साधारण काय आणि धोक्याचें काय, हें ओळखतां आलें पाहिजे. धांवणें, फुरफुरणें, शेपटी उंच करणें, किंचाळणें, कान मागें दाबून मान लांब करणें, अंगावर धांवून जाऊन दोन ढांगांत थांबणें, एखादा चिमटा, एखादी हवेंतली दुगाणी: हें सारें साधारण होय. घोडा सहसा पायरीपायरीनें रागावतो. आधीं कान, मग मान, मग पुठ्ठा वळविणें, आणि हें सर्व व्यर्थ गेलें तर लाथ. समोरच्यानें कानांवरूनच ओळखून वाट सोडली म्हणजे पुढच्या पायऱ्यांची गरज पडत नाहीं. धोका केव्हां, तर एखादें जनावर शिंगराचा पिच्छा सोडीतच नाहीं, त्याला पाण्याजवळ येऊं देत नाहीं, किंवा तें दमून घामाघूम झालें तरी थांबत नाहीं, तेव्हां. अशा वेळीं मध्यें शिरून सोडवावयास जाणाऱ्या माणसाच्या बरगड्या मोडतात. दुरून आवाज करून, फडकें हलवून, पिच्छा करणाऱ्यालाच बाहेर काढावें. शिंगराला काढलें तर इतरांना वाटतें कीं आपण त्याला हुसकावून लावलें, आणि दुसऱ्या दिवशीं तोच खेळ पुन्हां नव्यानें सुरू होतो.

शिंगराच्या अंगीं एक मोठी मौजेची लकब असते. मोठें घोडें जवळ आलें कीं तें मान पुढें करून, ओठ मागें ओढून, दूध पितांना हलवावा तसा जबडा उघडझांप करूं लागतें. नवशिक्या माणसाला वाटतें, हें चावावयास निघालें आहे. वस्तुतः 'मी लहान आहें' असें सांगण्याची ती खूण समजली जाते, आणि वय वाढत जातें तशी ती नाहींशी होते. फ्रान्समधील संशोधकांनीं २००८ सालीं असें दाखविलें, कीं केवळ समवयस्कांत वाढलेल्या शिंगरांच्या टोळींत प्रौढ घोडे आणून ठेवले असतां शिंगरांमधील भांडणें कमी झालीं. म्हणजे वडीलधाऱ्यांच्या सहवासाचा परिणाम या जातींतही होतो. स्वित्झर्लंडनें तर २००८ सालापासून अंमलांत आलेल्या नियमांत अडीच वर्षांपर्यंतच्या तरुण घोड्यांस एकटें ठेवण्यास बंदीच केली आहे. आपल्याकडे असा नियम नाहीं. लग्नाच्या वरातीसाठीं एकच शिंगरूं एखाद्या पत्र्याच्या आडोशास वर्षानुवर्षें एकटें बांधून ठेवलेलें शहरांतून अजूनही दिसतें, आणि पुढें तें 'द्वाड निघालें' म्हणून लोक त्याला दोष देतात. ज्याला कोणीं चालीरीति शिकविल्या नाहींत, तें द्वाड न निघेल तर काय होईल?

जागेची अडचण हा आपल्याकडील सर्वांत अवघड भाग आहे. जर्मनींतील दोघी अभ्यासकांच्या २०१३ सालच्या मोजणीप्रमाणें दर घोड्यामागें सुमारें ३३० चौरस मीटर मोकळी जागा असली म्हणजे तंटे अगदीं कमी होतात. श्रोत्यांना कल्पना यावी म्हणून सांगतों, सहाशें चौरस फुटांच्या सहा सदनिका जोडल्या तर एवढी जागा होईल. आणि ही एका घोड्याची! डोंगरावरच्या अश्वपालानें चार घोड्यांसाठीं ती कोठून आणावी? त्याला दुसरा मार्ग आहे. मैदान नसेल तर रस्ता तर आहेच. रिकाम्या वेळीं थोरल्या घोडीला एकानें धरावें आणि शिंगराला दुसऱ्यानें, आणि दोघांनीं शेजारून, मध्यें दोन-तीन हातांचें अंतर ठेवून, रोज तासभर चालावें. एकाच दिशेनें चालणाऱ्या जनावरांना एकमेकांच्या तोंडाकडे पाहत उभें राहावें लागत नाहीं, आणि अर्धें वैर तेवढ्यानेंच ओसरतें. कांहीं दिवसांनीं जागा बदलून शिंगराला मागें, मग पुढें घ्यावें. पावसाळ्यांत माथेरानचा धंदा मंदावतो, तेव्हां वेळ पुष्कळ मिळतो. पण त्या लाल चिखलांत मोकळें सोडून पळापळ करूं देणें अत्यंत धोक्याचें. चालण्याचा सराव पावसांत आणि मोकळें सोडणें जमीन वाळल्यावर, असा बेत ठेवलेला चांगला.

बांधण्याच्या बाबतींत जुन्या पागांचा कारभार पाहण्यासारखा आहे. शिवाजी महाराजांच्या पागेंत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे आणि दर पंचवीस घोड्यांस एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे, असें सभासदानें आपल्या बखरींत नमूद केलें आहे. पाण्याची आणि खुरांची व्यवस्था माणशीं न सोंपवितां घोड्यांच्या संख्येवर बांधून देणें, यांत केवढी व्यवहारबुद्धि आहे! आपल्या चार घोड्यांच्या पागेलाही हाच न्याय लागू आहे. प्रत्येकाचें ठाण ठरलेलें असावें, पाण्याच्या बादल्या वेगळ्या असाव्या, आणि नव्याचें ठाण प्रथम टोंकास, थोरल्या घोडीच्या शेजारीं असावें. ज्याच्याशीं अजून पटलेलें नाहीं त्याच्या लाथेच्या टप्प्यांत शिंगराला बांधणें म्हणजे हातपाय बांधून त्याला आखाड्यांत ढकलण्यासारखें आहे, कारण दोरानें जखडलेल्याला वाट सोडण्याची मुभाच नसते.

शिंगरूं कळपांत रुळलें तरी लगेच त्याच्या पाठीवर खोगीर चढवूं नये. त्याच्या पाठीच्या मणक्यांची वाढ पुरी व्हावयास पांच-सहा वर्षें लागतात. हलकें काम सुद्धां तीन-चार वर्षांच्या आधीं देऊं नये, असें जाणते लोक मानतात. तोंवर त्यानें रिकाम्या पाठीनें इतरांच्या मागून चालावें, दस्तुरी नाक्यावरची गर्दी, छत्र्या, माकडें, पोरांचा आरडाओरडा यांस सरावावें. रांगेंत चालतांना दोन घोड्यांमध्यें कमींत कमी एका घोड्याच्या लांबीचें अंतर ठेवणें हा नियम त्याच्या अंगवळणीं याच दिवसांत पडतो. ज्याची ओळख नीट झालेली नाहीं असें घोडें मागून कोणी जवळ आलें कीं पुठ्ठा वळवितें. त्या लाथेचा नेम मागच्या घोड्यावर असतो, पण ती लागते मागच्या स्वाराच्या नडगीला, किंवा दचकलेल्या घोड्यावरून मूल खालीं येतें.

आपणांपैकीं कोणी पुढच्या सुटींत माथेरानला गेलात, तर घोड्यावर बसण्यापूर्वीं दोन मिनिटें त्याच्या कानांकडे पाहावें. शेजारचें घोडें जवळ आलें असतां ज्याचे कान सैल, इकडेतिकडे हलते राहतात, तो निवांत आहे. जो लगेच कान मानेस चिकटवितो, त्यावर लहान मुलास बसवूं नये. दुसरा मागून घ्यावा, आणि तसें मागण्यांत संकोच वाटूं देऊं नये. 'हा नवा आहे का?' असें अश्वपालाला सरळ विचारावें. घोड्यांच्या घोळक्यांत उभें राहून एकालाच बिस्किट किंवा गूळ देऊं नये. आपल्या तळहातावरच्या त्या तुकड्यासाठीं मागच्या मागें दोन घोड्यांत जी जुंपते तिच्यामध्यें आपलें मूल उभें असतें. मुलाला घोड्याच्या मागून नेऊं नये, आणि स्वार झाल्यावर पुढच्या घोड्याच्या शेपटीशीं आपला घोडा भिडवूं नये म्हणून घोडेवाल्यास सांगावें.

राहतां राहिली एक गोष्ट: शिंगरूं खरोखर रुळलें हें कशावरून ओळखावें? दोन खुणा आहेत. दोन घोडे समोरासमोर उभे राहून एकमेकांची मान आणि खांद्यावरचा उंचवटा दांतांनीं हळूहळू खाजवूं लागतात. फ्रान्समधील कामार्गच्या घोड्यांवर केलेल्या आणि १९९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत त्या ठिकाणीं खाजविल्यानें हृदयाचे ठोके मंदावतात असें दिसून आलें. शिंगरूं कोणाशींतरी अशी देवघेव करूं लागलें म्हणजे त्याला मैत्र मिळालें. दुसरी खूण पाहावयास मात्र रात्रीं उशिरा किंवा पहांटे पागेंत गेलें पाहिजे. घोडा उभ्याउभ्या डुलकी घेतो हें खरें, पण गाढ झोंपेसाठीं त्याला आडवें व्हावेंच लागतें, आणि पहाऱ्यास दुसरें कोणी जागें असल्याखेरीज तो सहसा आडवा होत नाहीं. पुष्कळ दिवस असा न निजलेला घोडा दिवसां उभ्याउभ्याच गुडघ्यांत दुमडूं लागतो. तेव्हां अश्वपालानें सकाळीं नव्या शिंगराची कूस पाहावी. तिला गवताच्या काड्या आणि माती चिकटलेली असेल, तर रात्रीं तें आडवें झालें होतें, आणि थोरली घोडी त्याच्या उशाशीं उभी होती.